कंदील फाडणाऱ्या बाईंना

बाई,

साप्ताहिकाच्या संपादकांनी निरोप धाडला, तुमच्याबद्दल चार गोड शब्द लिहून दे. मी कळवलं, लिहीन, पण गोड मिळणार नाहीत. तुम्ही गोड नव्हतात. तुमच्या हाताखालून गेलेली एकही मुलगी तुम्हाला गोड म्हणणार नाही. चुकून एखादी म्हणालीच असती, तर तुम्ही चष्म्यावरून बघून "काहून?" विचारलं असतं आणि ती रडत घरी गेली असती.

तुमचा जन्म कुठला, नोकरी कधी धरली, माहेरची माणसं कोण, हे दुसरे लिहितील. मला त्यातलं काही नीट ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती तुमची शेगडी.

दिवाळी सरली की आपल्या मुलींच्या शाळेला गॅदरिंगचे वेध लागायचे. गॅदरिंग तिळसंक्रांतीच्या आसपास, म्हणून हिवाळाभर हस्तकलेला जास्तीचे तास. तुम्ही मागच्या अंगणात कडुनिंबाखाली शेगडी मांडायच्या, वर खळीचं पातेलं. मैद्याची खळ, किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद. त्या वासात आम्ही पोरी उन्हाला पाठ देऊन बसलेल्या, बोटं गारठलेली, पुढ्यात जुनी वर्तमानपत्रं. यवतमाळहून मोटारीनं आलेला पतंगी कागद तुमच्या पेटीत कुलूपबंद. तो सगळ्यात शेवटी मिळायचा. आधी वर्तमानपत्रावर घडी जमली पाहिजे, नखानं दाबलेली, सुरीसारखी. नाही जमली की तुम्ही कागद उचलून उन्हात धरायच्या.

"सुमे, तुयी घडी पाहून कागदाले लाज वाटून राह्यली."

आणि कागद शेगडीत.

गावाला वाटायचं, बाई पोरींना कंदील शिकवतात. गाव मूर्ख होतं. तुम्ही भूमिती शिकवत होतात.

आमच्या शाळेत भूमिती नव्हती. मुलींना पुढे गृहशास्त्रच घ्यायचं आहे, कोन मोजून काय पोळ्या लाटायच्या, असं कमिटीच्या अध्यक्षांनी भर पालकसभेत विचारलं होतं आणि पालक हसले होते. आमचे वडीलही हसले होते. तेव्हा तुम्ही हस्तकलेच्या तासात भूमिती लपवलीत. प्रमेय हा शब्द तुम्ही कधी उच्चारला नाहीत, त्याला तुम्ही "रीत" म्हणायच्या. सिद्धतेला नुसतं "कारण". मोठ्या बाई फेरी मारायला आल्या की त्यांना दिसायचं, पोरी कागद दुमडतायत, किती छान.

चौकोनी कागद तुम्ही मधोमध दुमडून उलगडायला लावायच्या. मधली उभी रेघ उमटली की खालचं उजवं टोक उचलायचं आणि त्या रेघेवर टेकवायचं, पण घडी खालच्या डाव्या टोकातूनच गेली पाहिजे. टेकलं तिथं ठिपका. ठिपका खालच्या दोन्ही टोकांना जोडा. झाला त्रिकोण.

"तिन्ही बाजू सारख्या आल्या का, सुमे?"

"हो बाई."

"काहून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

पोरी हसल्या. तुम्ही नाही हसलात. "मी सांगतलं म्हणून? उद्या मी सांगीन विहिरीत उडी घाल, त घालशील? मले कायले विचारतेस? कागदाले विचार."

मी त्या कागदाला दोन दिवस विचारत बसले. चिडून, तुम्हाला मनात शिव्या देत. मग दिसलं. उचललेली बाजू ही खालचीच बाजू, कागद काही ताणला नव्हता. आणि मधल्या रेघेवरची कुठलीही जागा दोन्ही टोकांपासून सारखीच लांब. मी धावत येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही खळ ढवळत होतात. मान वर न करता म्हणालात, "बस खाली. पुढला कागद घे."

कौतुक नाही, काही नाही. पण कोणी वरच्या आवाजात सांगितलं म्हणून गोष्ट खरी होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझे मोर्चे, माझी पत्रकं, चौकातली माझी भांडणं, सगळं त्या एका घडीतून निघालं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला माझ्या पत्रकातल्या चुका दाखवल्या असत्यात.

एका इंग्रजी मासिकात तुम्हाला बर्फाच्या कणांचे फोटो सापडले होते. ते आम्हाला दाखवलेत. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे तुरीतून चालताना दवानं ओले होणारे घोटे. कोणी विचारलं, "बाई, बर्फ गारीसारखा असते का?" तुम्ही म्हणालात, "मी तरी कुठं पाह्यला? पण त्याले सहाच कोपरे असतात, एवढं खरं." मग त्या हिवाळ्यात खिडक्यांसाठी पतंगी कागदाची बर्फफुलं. घडी घालून कात्रीनं खाचा द्यायच्या आणि उलगडायचं. सोपं वाटलं. पण कागद अर्धा-अर्धा करत गेलं की चार येतात, आठ येतात, सोळा येतात. सहा येत नाहीत. सहासाठी अर्ध्या घडीच्या सरळ कोनाचे तीन सारखे भाग पाडावे लागतात आणि तिथं कारण लागतं. आम्ही मुकाट्यानं आठ पाकळ्यांची फुलं केली. कोणाला कळतंय!

"बर्फानं आठ कोपरे केले तर त्याले मी शाळेतून काढीन," तुम्ही म्हणालात, आणि ढीगच्या ढीग शेगडीत गेला. खळ त्या दिवशी लवकर शिजली.

आता हसू येतं. एका गोष्टीचं येत नाही. वेणू म्हणून मुलगी होती. सकाळी आईबरोबर कापूस वेचून शाळेत यायची. बोंडांनी तिची बोटं फाटलेली असत. घडी दाबताना नखाजवळून रक्त आलं आणि कागदाला लागलं. तुम्ही तो कागद उन्हात धरलात, आम्हा सगळ्यांना रक्त दिसलं, आणि तुम्ही तो जाळलात. तिच्या तोंडाकडेही बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वेणू हस्तकलेला आली नाही, पुढे शाळेतही आली नाही. बऱ्याच वर्षांनी मी तुम्हाला विचारलं, त्या पोरीचं आठवतं का? मला वाटलं होतं, तुम्ही विसरला असाल. तुम्ही म्हणालात, "वेणू. उजव्या हाताचं दुसरं बोट. घडी वाकडी होती."

रक्त दिसलं होतं तर तुम्हाला! बोट कुठलं तेसुद्धा. आणि तरी तुम्हाला वाकड्या घडीपलीकडे बोलावंसं वाटलं नाही. मेलेल्या माणसाला माफ करायचं असतं असं आई सांगते. मी हे माफ करत नाही.

मी शाळा सोडल्यावर तुम्हाला झुबेदा मिळाली. सायकलवाल्या रशीदभाईंची मुलगी. तिच्या हातात काय होतं कोण जाणे, तिची घडी पहिल्याच फेरीत सरळ यायची, पण तुमचा जीव तिच्यात अडकला तो हातासाठी नाही. तुम्ही "काहून?" विचारायच्या आधी ती विचारायची. तिचे वडील तिला शाळेत ठेवून होते, कारण कागदाचं काम म्हणजे दस्तकारी, त्यात वाईट काय. पोरीच्या डोक्यात वेगळंच. मी एकदा तिला विचारलं, शिकून काय करणार? ती म्हणाली, "ताई, मले पूल बांधायचे हायेत." नदीवरचे? "मग काय नालीवरचे?"

पूल बांधायचे तर सायन्सचं कॉलेज. कॉलेज हवं तर मॅट्रिकला गणित, भूमितीसकट. आणि ती भूमिती या गावात मुलीला एकाच ठिकाणी मिळत होती, कडुनिंबाखाली, तुमच्या शेगडीपाशी, दुसऱ्याच नावानं. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर मी अजून तुमच्याशी भांडते आहे.

झुबेदा शाळेत असतानाच्या एका गॅदरिंगला मी माजी विद्यार्थिनी म्हणून आले होते. दालनात तुमचे वीस त्रिकोणांचे कंदील टांगलेले. काय दिसत होते, बाई! प्रत्येक टोकाशी पाच त्रिकोण, आत दिवा, भिंतीवर त्यांच्या सावल्यांची जाळी. आणि दारासमोरच्या टेबलावर, जिथं पाहुण्यांची पहिली नजर पडेल तिथं, मोठ्या बाईंनी अध्यक्षांच्या मुलीचा कंदील ठेवलेला. एका बाजूनं जरा बसका. बसक्या जागी सोनेरी बेगडाचं मोठं फूल चिकटवलेलं.

तुम्ही आलात, थांबलात. मी शेजारीच होते. तुमचा हात हलला तसं मी हळूच म्हटलं, "बाई, जाऊ द्या." तुम्हाला ऐकू गेलं होतं. तुम्ही फूल उपटलंत.

अध्यक्ष हसत पुढे आले. "अहो बाई, पोरीनं नजर लागू नये म्हणून लावलं ते."

"नजर नाही लागली. खोटं लागलं." तुम्ही कंदील उचललात आणि सगळ्यांदेखत शिवणीवर फाडून टेबलावर पसरलात. "हे पाहा. या टोकाशी सहा त्रिकोण. साठ सक तीनशे साठ. पुरा फेरा झाला. आता कागद वर उठंल कुठून? म्हणून ओढून ताणून खळ फासली, अन् वरतून फूल."

"साठ काय? कशाचे साठ?"

"अंश."

अध्यक्षांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. "म्हणजे बाई, ही भूमिती झाली."

"मग काय रांगोळी वाटली तुमाले?" आणि तुम्ही वळून हाक मारलीत, "झुबेदा, ये इकडे. सांग यायले."

झुबेदा आली. ओढणी सावरली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. एका टोकाशी सारखे तीन त्रिकोण आले तर चार बाजूंचा कंदील होते, चार आले तर आठ बाजूंचा, पाच आले तर वीस बाजूंचा, अन् सहा आले की कागद झोपते. म्हणून सगळी टोकं सारखी ठेवून त्रिकोणांचे कंदील हे तीनच. चौथा कोणी करतो म्हणंल तर तो खोटा बोलते. मागं बसलेल्या आयांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांची मुलगी फाटक्या कंदिलाकडे बघून ओक्साबोक्शी रडत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "रडतेस कायले? पाच घ्यायचे होते. उद्या नवा कर."

उद्या कुठला? तो आठवडा संपायच्या आत तुम्हाला शाळेतून काढलं. परवानगी नसलेला विषय शिकवून मुलींची दिशाभूल केली म्हणे. हस्तकलेचे तास भरतकामाला गेले. मला आठवतं, मोठ्या बाईंनी कंदील उतरवून घेतले आणि त्यांचा कागद चांगला आहे म्हणून पुड्या बांधायला शिपायाला दिला.

मी तुमच्या खोलीवर येऊन तुमच्याशी जे भांडले ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं असेल.

"एका कोपऱ्यासाठी तुम्ही सगळ्या पोरींची भूमिती घालवलीत! ते फूल राहिलं असतं तर आभाळ कोसळणार होतं?"

"फूल राह्यलं असतं त भूमिती तवाच गेली असती."

"कोणाला कळलं असतं?"

"मले कळलं असतं. झुबेदाले कळलं असतं. तिनं पाह्यलं असतं की बाई पोट्टीचं खोटं जाळते अन् अध्यक्षाच्या पोट्टीचं खोटं टेबलावर ठेवते."

"आणि आता झुबेदाचं काय?"

तुम्ही स्टोव्हला पंप मारलात. मग म्हणालात, "तिच्या बापाले सांग, कंदील शिकायले माह्या घरी पाठव."

बाई, मी आजही म्हणते, तुम्ही चुकलात. लढाईत काय गिळायचं आणि काय थुंकायचं ते कळलं पाहिजे. तुम्ही एक घोट गिळला असतात तर शाळेतल्या सगळ्या मुलींची आणखी काही वर्षं निघाली असती. पण तुम्हाला हेही सांगते, की आता एखादा पुढारी व्यासपीठावरून घसा फोडायला लागला की माझी नजर त्याचं बेगडी फूल शोधत फिरते, आणि बहुतेक वेळा ते सापडतं. हे दोन्ही माझ्या डोक्यात एकत्र नांदतात. तुम्ही असतात तर दोन्हींतलं एक फाडायला लावलं असतंत.

मग माझं पत्रक. नवं राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले, मराठी माणसाच्या भविष्यावर भाषणं झाली. मी म्हटलं, हीच वेळ. "मुलींना भूमिती द्या!" असं मोठ्या टायपात, वर एक चांदणी, खाली मुद्दे. भूमितीनं बुद्धी तीक्ष्ण होते. भूमितीनं गृहिणी काटकसरी होते. भूमितीनं राष्ट्र उभं राहतं. पहिली सही तुमची हवी म्हणून शाई वाळायच्या आत तुमच्याकडे आणलं. तुम्ही खोकत होतात. पत्रक उन्हात धरलंत, जुन्या सवयीनं.

"ही चांदणी कोणी काढली?"

"छापखान्यातल्या माणसानं."

"याचं एक टोक आखूड हाय. चांदणी काढता येत नाही अन् भूमिती मांगून राह्यली."

"बाई, चांदणी जाऊ द्या, मजकूर वाचा."

"वाचला. भूमितीनं गृहिणी काटकसरी होते. काहून?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"सुमे, तू हक्क मांगून राह्यली का भीक? भीक मांगत असशील त गुण सांग, घालतील चार दाणे. हक्क मांगत असशील त गुण कायले सांगतेस? पोट्टे भूमिती शिकतात, त्यायले कोणी इचारलं का, की बाबा, तुही काटकसर वाढंल का?"

"लोकांना पटवावं लागतं, बाई. नुसतं आमचं आहे, द्या, म्हटलं तर कोण देतं?"

"मग पटव. मी सही नाही करत."

आणि नाहीच केलीत. गावातल्या पुष्कळ बायकांनी अंगठे दिले, दोन वकिलांनी सह्या दिल्या, जिच्या पायी ही सगळी लढाई त्या बाईची सही नाही. अध्यक्षांनी तेवढंच धरून ठेवलं. "खुद्द त्यांनाच मान्य नाही!" त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्या गल्लीतून जायचं मी सोडून दिलं. आपलं ते भांडण तिथंच तुटलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, सांगू का? भुकेल्याला हक्क आणि भीक यातला फरक समजावत बसायला वेळ नसतो. हे मी तुमच्या तोंडावर म्हणणार होते. तुम्ही मेलात.

त्या दिवसांत झुबेदा रोज दुपारी तुमच्याकडे येत होती. बापाला सांगायची, कंदील करते. खोटं नव्हतं. तुम्ही तिला कंदिलापासूनच सुरुवात करायला लावायच्या, मग घड्या, मग पाटीवर आकृत्या. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही तिला वर्तुळावर आणलंत. गोल कापलेला कागद दोनदा अर्धा दुमडला की मध्य सापडतो, काहून? तिथून सुरू. तुमचा खोकला वाढला तसे तुमचे शब्द कमी झाले आणि शिव्या वाढल्या, असं ती सांगते. एकदा तिच्या सिद्धतेत एक पायरी सुटली तर तुम्ही पाटी पुसून टाकलीत आणि भिंतीकडे तोंड करून निजलात. ती सगळी सिद्धता पहिल्यापासून लिहून उशाशी पाटी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी पाटीवर तुमच्या खडूची एकच खूण. आणखी एक चूक.

पौषात तुम्ही गेलात. तिरडीबरोबर फार माणसं नव्हती. कमिटीतलं कोणी नव्हतं. रशीदभाई दुकान बंद करून आले होते, शेवटपर्यंत चालले.

शोकसभेला मात्र सगळे. तुमचा फोटो कोणाकडेच मिळाला नाही, म्हणून एका रिकाम्या खुर्चीला हार घातला. अध्यक्ष बोलले. तुमच्या हातात जादू होती म्हणाले. जादू! जिनं जन्मभर जादू नावाच्या गोष्टीच्या नरडीला नख लावलं तिच्या हातात जादू. मी दात आवळून बसले होते. मग त्यांनी जाहीर केलं, की बाईंच्या स्मृतीसाठी शाळेच्या नव्या गृहशास्त्राच्या खोलीला बाईंचं नाव देण्यात येईल. टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात आपल्याकडे.

मी उठणार तोच पलीकडून झुबेदा उठली.

"साहेब, त्या खोलीत भूमिती शिकवणार काय?"

"तिथं स्वयंपाक शिकवणार, बेटा. शिवण. मुलांचं संगोपन."

"मग बाईचं नाव कायले? बाईले तर साधी खिचडी जमत नव्हती. आम्हीच करून द्यायचो."

कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "बस बेटा. ही ती वेळ नाही."

"नाव नका देऊ," ती म्हणाली. "तास द्या. मॅट्रिकले पुढल्या वर्षी बसाचं हाय मले."

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. सगळे उभे राहिले. तीही उभीच होती, तिला वेगळं उभं राहावं लागलं नाही. दोन मिनिटं कसली, अर्ध्या मिनिटात लोक चपला शोधायला लागले. गेल्या सोमवारी पेंटर येऊन दारावर तुमचं नाव रंगवून गेला. अक्षर बरं आहे. खाली चुलीचं चित्र आहे.

मी नवं पत्रक काढते आहे. तुमचं ऐकलेलं नाही. गुण लिहिले आहेत, आणखी दोन वाढवले आहेत. भांडायचं असेल तर या.

पण पत्रकानं झुबेदाचं वर्ष वाचत नाही, एवढं मलाही कळतं. तिला शिकवायला माणूस हवा. मी शिकवू शकत नाही. माझी भूमिती कंदिलाशी संपते, वर्तुळाच्या आधी मी शाळेतून बाहेर पडले आणि मोठ्या वर्गात मला गृहशास्त्रच देण्यात आलं होतं. म्हणून तिला घेऊन मुलांच्या हायस्कुलात गेले. हेडमास्तर वाईट माणूस नाही, हे आणखी वाईट. चहा मागवला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "वर्गात मुलगी बसवली तर उद्या पोरांचे बाप येऊन उभे राहतील. व्हरांड्यात बसली तर माझी हरकत नाही. आवाज येतो बाहेर."

मी तोंड उघडलं तशी झुबेदानं माझ्या पदराला खालून झटका दिला. "ताई, तुमी नका बोलू." मग त्यांना म्हणाली, "बसते, सर."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. हे हक्काचं आहे, ओट्यावर बसायला तू काय भिकारीण आहेस? ती म्हणाली, "तुमचं हक्काचं होईस्तवर माही परीक्षा होऊन जाईन."

काल मी तिथं जाऊन आले. ती खिडकीखाली गोणपाट टाकून बसली होती, अंगावर रशीदभाईंचा जुना कोट. वारा झोंबत होता. आत वर्तुळाचं प्रमेय चाललं होतं. पोरं मधूनच बाहेर बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती, एकानं खडूचा तुकडा फेकला. तो तिनं उचलून कोटाच्या खिशात टाकला. मी तिच्या मागं उभं राहून तिच्या जागेवरून बघितलं. खिडकी अरुंद, मध्ये खांब. फळ्याचा डावा भागच दिसतो. डाव्या भागात मास्तर पक्ष लिहितात आणि साध्य लिहितात. काय दिलं आहे ते दिसतं, काय दाखवायचं ते दिसतं. सिद्धता उजवीकडे, खांबाआड. मास्तर ती पुटपुटत लिहितात, ऐकू येत नाही.

"मग सिद्धतेचं काय करतेस?" मी विचारलं.

"ते मी घरी करते. आपल्या मनानं."

घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली, आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. मग तिनं कोटाच्या आतून कागद काढले, परवाची सिद्धता, कालची सिद्धता, स्वच्छ अक्षर, बाणासारख्या रेघा, आणि माझ्यापुढे धरले.

"ताई, पाहा बरं. कुठं चुकलं काय?"

मी कागद हातात घेतले. वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले. सगळं मला बरोबरच वाटत होतं, बाई. मला ते सगळंच बरोबर वाटत होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.